ऊसतोड महिलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी साखर कारखान्यांनी स्वीकारावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा उलटला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि आठ-पंधरा दिवसांत अर्धे-अधिक गाव पश्चिमेकडच्या साखरपट्ट्यात निघून जाते. हंगामाच्या तोंडावर उसाचा दर, मागील थकबाकी, गाळपाचे परवाने आणि अपेक्षित उतारा यांवर आपल्या वृत्तपत्रासह सर्वत्र सविस्तर लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांवर आणि त्यांच्यामागे गावात राहणाऱ्या मुली, वृद्ध व अपंग माणसांवर होणारी हिंसा रोखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ग्रामीण आरोग्यसेवेत परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली. त्या काळात या स्त्रियांकडून जे ऐकले आणि त्यांच्या अंगावर जे पाहिले, त्याच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हे मजुरीचे एकक आहे आणि या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामाच्या आधी मजूर पुरवणारा मुकादम या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती कधी पन्नास हजारांची असते, कधी लाखाच्या पुढे जाते. उचलीचे बोलणे पुरुषांत होते, पैसे पुरुषाच्या हातात पडतात, घरातले आजारपण, लग्न, जुने कर्ज किंवा घराचे पत्रे यांवर ते खर्च होतात, आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल दोघांनी मिळून फेडायची असते. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, आणि त्याआधी पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते व पाणी भरते. मजुरी टनावर असते. जानेवारी २०२४ मधल्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला, परंतु या रकमेत बाईचा वाटा किती, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. तिची स्वतंत्र नोंद नसते, तिच्या खात्यात पैसे येत नाहीत आणि ज्या कर्जासाठी ती राबते त्या कर्जाला तिची संमती कोणी विचारलेली नसते.

हिंसेची चर्चा करताना ही मांडणी आधी समजून घेणे मला अत्यावश्यक वाटते. नवऱ्याची मारहाण असह्य झालेली एखादी बाई गावी असेल तर निदान माहेर गाठू शकते, आणि तिच्या बाजूने बोलणारे चार लोक तिथे असतात. फडावर, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानात, असताना तिने तेच केले तर कोयता मोडतो, उरलेली उचल अंगावर येते आणि तिच्या जाण्याचा हिशेब मुकादम तिच्या नवऱ्याकडे, सासऱ्याकडे, प्रसंगी तिच्या भावाकडेही मागतो. टोळीतल्या, म्हणजे एकत्र तोडणी करणाऱ्या जोड्यांतल्या, इतर बायकांना तिच्याविषयी कळवळा नसतो असे नाही. परंतु एक जोडी कमी झाली की गाडी भरायला उशीर होतो आणि त्याची झळ सगळ्यांना लागते, म्हणून त्याही तिला सबुरीचाच सल्ला देतात. म्हणजे तिला गप्प बसवण्यात तिच्या भोवतीच्या प्रत्येकाचा पैसा अडकलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा अनुभवली आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. घरदार, माहेर आणि शेजार हाताशी असलेल्या स्त्रियांचीही या आकड्यात गणना आहे. परक्या जिल्ह्यात, परक्या रानात, उचलीखाली दबलेल्या बाईचे मदत मागण्याचे प्रमाण काय असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. जोडी नसल्यामुळे त्यांना अर्धा कोयता म्हणून भावाबरोबर, दिराबरोबर किंवा गावातल्या दुसऱ्या कोणाबरोबर जावे लागते. त्यांची उचल कमी, मजुरीचा हिशेब दुसऱ्याच्या हातात, आणि कोपीत त्या एकट्या किंवा लहान मुलांसह. या कोपीला ना दार असते ना कडी. बांबूच्या कमानीवर चटई किंवा ताडपत्री टाकून उभारलेल्या त्या निवाऱ्यात माणूस वाकूनच शिरतो, आणि आत कोण शिरते यावर तिचे काही नियंत्रण नसते. आंघोळीसाठी चार काठ्यांना साडी गुंडाळलेला आडोसा आणि शौचासाठी अंधारातले उसाचे रान. रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठावेच लागते, त्या वेळी टोळीत ड्रायव्हर असतो, मुकादमाची माणसे असतात, दारू प्यालेली माणसे असतात. छेडछाड, अंगचटीला येणे आणि त्यापुढचेही प्रकार स्त्रिया एकमेकींना सांगतात, आरोग्य केंद्रात पोटदुखीची तक्रार घेऊन आल्यावर हलक्या आवाजात परिचारिकेलाही सांगतात, मात्र ते पोलीस ठाण्याच्या नोंदवहीपर्यंत क्वचितच जाते. ज्या माणसाविरुद्ध तक्रार करायची, त्याच माणसाकडे पुढच्या वर्षीची उचल मागायची असते.

काही हिंसेला तर आपण हिंसा म्हणतच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम थांबले तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, पाण्याची व शौचालयाची सोय नसल्याने जंतुसंसर्ग होतो, आणि गावी परतल्यावर कॅन्सरची भीती दाखवणारा डॉक्टर भेटतो. या साखळीत कोणी हात उगारला नाही, म्हणून कोणी गुन्हेगार ठरला नाही. परंतु पंचविशी-तिशीतल्या बाईचे शरीर असे कायमचे अधू होणे ही हिंसाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या देखरेखीचे बंधन आले. ते आवश्यक होते, पण ते साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर आहे. पाळीच्या दिवसांतला खाडा आणि पाण्यावाचूनची कोपी जशी होती तशीच राहिली.

मागे राहणाऱ्यांचा विचार तर सर्वांत कमी होतो. घरी आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुलगी ठेवून आई-बाप जातात. आजीला दिसत नाही, आजोबांना चालवत नाही, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्या दोघांचा सांभाळ करते. या मुलीवर कोणाची नजर पडेल, ही धास्ती आईच्या मनात सहा महिने असते. मुलीला बरोबर न्यावे तर शाळा सुटते आणि कोपीत ती अधिकच उघड्यावर येते. मागे ठेवावे तर गावात ती एकटी पडते. या पेचातून आई-बाप जो मार्ग काढतात तो बालविवाहाचा असतो, कारण लग्न झाले की जबाबदारी सासरची, आणि सासरलाही एक नवा कोयता तयार मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होते. बालविवाहाकडे आपण अज्ञानाचा परिणाम म्हणून पाहतो आणि प्रबोधनाचे फलक लावतो. मी ज्या आयांशी बोलले त्यांना कायदा माहीत होता, मुलीच्या बाळंतपणातले धोकेही माहीत होते. त्यांना हवी होती ती मुलीला सहा महिने निर्धास्तपणे ठेवता येईल अशी जागा. एका अत्याचाराच्या भीतीने दुसरा अत्याचार पत्करला जातो, ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय बालविवाह थांबणार नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना शासनाने २०२१ मध्ये मंजूर केली, तिचे मी मनापासून स्वागत करते. हे वसतिगृह टोळी निघण्याच्या आधी सुरू झाले, त्यात मुलींसाठी पुरेशा जागा असल्या आणि तिथे महिला अधीक्षक मुक्कामी राहिली, तरच आई आपली मुलगी तिथे सोडेल. दिवाळीनंतर प्रवेश सुरू झाले तर तोपर्यंत मुलगी फडावर गेलेली असते किंवा तिचे लग्न ठरलेले असते.

आता कायद्याविषयी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिली, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या एका खेड्यात साथिन, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमाची गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी होत्या. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. उन्हातान्हात, गावात आणि रानात काम करणाऱ्या बाईच्या वेदनेतून हा कायदा जन्मला, आणि २०१३ मध्ये त्याचे अधिनियमात रूपांतर झाल्यावर तो प्रामुख्याने कार्यालयांच्या भिंतींआड राहिला, याचे मला फार वाईट वाटते. कारण हा कायदा वाचला तर तो ऊसतोड बाईसाठीच लिहिला आहे की काय असे वाटावे इतका व्यापक आहे. ठेकेदारामार्फत आलेली स्त्रीही त्यात कर्मचारी मानली आहे, मूळ मालकाला तिची माहिती असो वा नसो. असंघटित क्षेत्राचा त्यात समावेश आहे. मालकाने पुरवलेल्या वाहनातला प्रवासही कामाच्या ठिकाणात मोडतो. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणांसाठी, तसेच खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आणि ग्रामीण भागात तालुकास्तरावर समन्वय अधिकारी असावा, अशी तरतूद आहे. तक्रारदार स्त्रीला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवले आणि त्यानंतर सर्व राज्यांना जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या व तालुक्यांतले समन्वय अधिकारी नेमण्याचे आदेशही दिले. ऊसतोड मजुरांच्या हालअपेष्टांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली आहे.

इतके असूनही फडावरच्या बाईला यातले काहीच मिळत नाही, कारण तिचा मालक कोण, या एका प्रश्नाचे उत्तर सगळे टाळतात. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नुसता मजूर पुरवतो, मालक कारखाना. शेतकरी म्हणतो, माझ्या बिलातून तोडणी-वाहतूक कापली जाते, टोळी कोणाची ते मला ठाऊक नाही. वास्तविक, उचलीचा पैसा वाहतूकदारामार्फत कारखान्याकडूनच येतो, टोळी कोणत्या फडात जाणार हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो, तोडीची चिठ्ठी कारखान्याचा चिटबॉय देतो आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होते. ज्याच्या हातात कामाची जागा, वेळ आणि मोबदला आहे, तोच मालक, असे मानायला आणखी कोणता पुरावा हवा? कारखान्याच्या कार्यालयात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असतेच. त्या समितीने आपले काम गेटच्या आत संपते असे मानू नये, तर चिठ्ठी जिथवर जाते तिथवर आपले कार्यक्षेत्र आहे असे मानावे, ही या पत्रातली माझी मुख्य मागणी आहे.

ही मागणी अमलात आणण्यासाठी नवा कायदा लागत नाही. गाळपाचा परवाना साखर आयुक्त दरवर्षी देतात. परवान्याच्या अर्जासोबत प्रत्येक टोळीतल्या स्त्री-पुरुषांची स्वतंत्र नावनिशीवार यादी, त्यांच्या मुक्कामाच्या जागा, तिथली दिव्याची, पाण्याची व शौचालयाची सोय, आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे व फोन क्रमांक मागावेत. या समितीवर टोळीतून आलेली निदान एक स्त्री प्रतिनिधी हंगामापुरती तरी घ्यावी. २०१३ च्या कायद्यात समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास परवाना रद्द करण्यापर्यंतची तरतूद आहे. तिचा वापर करण्याची इच्छा शासनाने दाखवावी. सहकारी कारखान्यांचे सभासद शेतकरीही यात बरेच काही करू शकतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत ऊसदरावर तासन्‌तास बोलणाऱ्या सभासदांनी आपल्या कारखान्याकडे किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हा प्रश्न एकदा विचारावा. अहवालात ही माहिती देणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

मजुरीचा अर्धा वाटा स्त्रीच्या खात्यात थेट जमा व्हावा आणि उचलीच्या करारावर तिची वेगळी सही असावी, ही मागणी महिला किसान अधिकार मंचासारखे गट आणि कामगार संघटना सातत्याने करत आल्या आहेत. तिला मी हिंसाप्रतिबंधाचा सर्वांत महत्त्वाचा उपाय मानते. मार खाल्लेल्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो जायचे कुठे आणि कशाच्या जोरावर हा. खात्यात तिचे स्वतःचे चार पैसे असले आणि तिच्या जाण्याने तिच्या वाट्याचीच उचल शिल्लक राहणार असली, तर तिला अडवून ठेवण्यात इतरांचा स्वार्थ उरत नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे रक्कम घेण्याचे धोरण आहे. त्या निधीतून ओळखपत्रे, विमा यांबरोबर साखरपट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यात हंगामापुरते एक निवारागृह चालवता येईल, जिथे बाई मुलांसह चार दिवस राहून पुढचा विचार करू शकेल.

पोलिसांविषयी एक अनुभवाची गोष्ट सांगणे भाग आहे. धीर करून ठाण्यात गेलेल्या बाईला ‘तुमच्या गावी जाऊन तक्रार द्या’ असे सांगितले जाते आणि गावी परतल्यावर ‘घटना तिकडची आहे’ असे ऐकायला मिळते. दोन्ही उत्तरे कायद्याला धरून नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला त्याची खबर नोंदवावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातही स्त्री जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, म्हणजे कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यातल्या फडावर राहणारी बीडची बाई तिथेच संरक्षण मागू शकते, आणि मिळालेला आदेश देशभर लागू राहतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी साखरपट्ट्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या अंमलदारांना एवढे तरी लेखी कळवावे. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवून मिळतात. अनेक जणी पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी आल्यावरच बोलतात, त्यामुळे ही मुदतवाढ त्यांच्या बाबतीत सहजपणे दिली जावी, आणि बीडसारख्या जिल्ह्यांच्या स्थानिक समित्यांनी अशा तक्रारी स्वतः लिहून घेऊन संबंधित जिल्ह्याकडे पाठवण्याची पद्धत पाडावी.

गावाच्या पातळीवर ग्रामसभेने टोळ्या निघण्याआधी एक यादी करावी: कोणत्या घरात मुलगी मागे राहते आहे, कोणत्या घरात केवळ वृद्ध आहेत, कोणत्या घरात अपंग वा मनोरुग्ण व्यक्ती आहे. ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, अंगणवाडी सेविका आणि आशा प्रत्येक घर ओळखतात. आठवड्यातून एकदा या घरांना भेट देण्याचे काम वाटून घेतले आणि आशाताईंना त्या कामाचा मोबदला दिला, तर मुलीवर डोळा ठेवणाऱ्याला गावाचेही लक्ष आहे हे कळेल. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदत क्रमांक आहेत, परंतु फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाला पर्याय नाही. टोळीतल्या तरुण पुरुषांशी आणि मुकादमांशीही या विषयावर बोलणारे कोणीतरी हवे. उचलीचे वाटप होते त्या दिवशी सगळे एकत्र जमलेले असतात, कामगार अधिकाऱ्यांनी त्या दिवशी तिथे जाऊन शिक्षा काय होते आणि तक्रार कोठे होते हे सर्वांसमोर सांगावे.

तोडणी यंत्रे आली की हा प्रश्न आपोआप मिटेल, असे काही जण म्हणतात. यंत्रे येतीलही, पण लहान आणि चढउताराच्या शेतांत अजून वर्षानुवर्षे माणसेच लागणार आहेत, आणि यंत्रांमुळे काम कमी झाले तर उचलीसाठी अगतिक झालेल्या बाईची बाजू आणखी पडती होईल. तोवर थांबा असे तिला सांगता येणार नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर आवृत्त्यांमध्ये हंगामाच्या पहिल्या महिन्यात त्या-त्या जिल्ह्याची स्थानिक समिती, तालुक्याचे समन्वय अधिकारी, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी व हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीचे शासकीय मदत केंद्र असलेले सखी वन स्टॉप सेंटर यांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध करावेत. ज्या जिल्ह्यात अशी समिती अस्तित्वात नसेल, तिथे तसे स्पष्ट छापावे, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याचे कारण विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, जि. बीड